तांब्यावरचा अंगठा

आत्याला नीट टेकून बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. ती बसते ती खुर्चीच्या काठावर, एक पाय निघायच्या तयारीत ठेवून. जेवताना दोनदा उठते. एकदा मिठासाठी, ते समोरच असतं. आणि एकदा कशासाठी, ते उठल्यावर तिलाही आठवत नाही. माझे बाबा, म्हणजे तिचे मोठे भाऊ, तिला लहानपणापासून भिंगरी म्हणतात. आम्ही तिघं एकाच घरात राहतो, त्यामुळे हे नाव दिवसभर कानावर पडत असतं. "भिंगरी, बस जरा. घर कुठे पळून जात नाही."

"घर नाही जात, पण दूध जातं," असं म्हणत ती स्वयंपाकघरात पोचलेली असते. दूध शांत असतं.

या बाईने पोट भरण्यासाठी काम निवडलं ते नाण्यांचे फोटो काढण्याचं. जिथे टेबलाला कोपर लागलं तरी चित्र बिघडतं, जिथे श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो, तिथे ती इतकी वर्षं कशी टिकली हे बाबांना अजून उमगलेलं नाही. ते शिंपीकाम करायचे. आता दुकान नाही, पण खिडकीशी बसून ओळखीच्यांचे कपडे लहानमोठे करून देतात. त्यांचं म्हणणं असं, की भिंगरीसुद्धा जोरात फिरत असली की एका जागी उभी असते.

जुन्या नाण्यांचं ते दुकान एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली किल्ल्या बनवणारा बसतो, त्याच्या यंत्राचा आवाज जिन्यातून वर येतो. मालकांना सगळे थोरले म्हणतात. धाकटे भाऊ धंदा सोडून कधीच गेले, पण थोरले थोरलेच राहिले. शिक्षण संपल्यावर दुसरं काही हाताला लागेपर्यंत त्यांनी मला नाण्यांची वर्णनं लिहायला ठेवलं. गिऱ्हाइकं बहुतेक परगावची. ती फोटो बघून आणि वर्णन वाचून नाणं घेतात. थोरले माझ्या मजकुरातली विशेषणं एकेक करून काढत. "‘मोहक’ काढा. मोहक म्हणजे किती?" मोहक निघून जायचं.

दुकानाच्या मागच्या खोलीत आत्याचं राज्य. खिडकीला काळा कागद, टेबलाला पक्का ठोकलेला खांब, त्यावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा आणि दोन बाजूंना मान वाकवता येणारे दोन दिवे. कॅमेऱ्याखाली जे येतं ते उघडं नाणं नसतं. परीक्षकांकडून दर्जा ठरून आलेलं, कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद झालेलं नाणं असतं. डबीच्या माथ्यावर चिठ्ठी. तिच्यावर दर्जाचा आकडा आणि तांब्याचं असेल तर रंगही लिहिलेला: लाल, लाल-तपकिरी किंवा नुसतं तपकिरी. टांकसाळीतून निघताना तांबं लाल असतं. मग हवा लागते, हात लागतात आणि ते तपकिरी होत जातं. जुनं असून लाल राहिलेलं नाणं म्हणजे ज्याला फारसं कुणी हाताळलं नाही असं नाणं. लोक त्यासाठी जीव टाकतात.

आत्याला चांदी आवडत नाही. "चांदी गप्प बसते," ती म्हणते. "तांब्याचं तसं नाही. त्याला डबीत घाला, कुलपात घाला, त्याची आत काहीतरी चुळबुळ चालूच."

"तुझ्यासारखी," मी एकदा म्हटलं.

"माझी बाहेर चालते. ते बरं."

सुरुवातीला तिने मला दोन नाणी शेजारी ठेवून दाखवली होती. एकाच वर्षाची, एकाच दर्जाची, दोन्ही लाल. विचारलं, यातलं चांगलं कुठलं? मी डावीकडचं सांगितलं. तिने दोन्हींची जागा बदलली. मी पुन्हा डावीकडचंच सांगितलं. ती खुदकन हसली. "तू नाणं नाही बघत, दिवा बघतेस. डावा दिवा जवळ आहे." मग तिने तिचा एकुलता एक नियम सांगितला. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दिवा हलवलास तर नाणं हलवू नकोस. नाणं फिरवलंस तर दिव्याला हात लावू नकोस. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर फरक कशामुळे पडला ते देवालासुद्धा सांगता येणार नाही.

प्लास्टिकचा त्रास मोठा. डबीवर चरे असतात, बोटांचे डाग असतात, धूळ तर असतेच. ते सगळं फोटोत नाण्यावर असल्यासारखं दिसतं. म्हणून आत्या डबी मऊ कापडाने पुसते, दिवा जरा कलता करते, पुन्हा बघते. एकेका नाण्याचे कितीतरी फोटो काढते, त्यातला एक निवडते. तो मात्र जसा आला तसाच दुकानाच्या संकेतस्थळावर जातो. संगणकावर चित्र साफ करायचं नाही, रंग वाढवायचा नाही. या बाबतीत तिने कानाला खडा लावलेला. इतर दुकानं काय करतात ते तिला माहीत आहे. "तिकडची नाणी बघून गाजर किसावंसं वाटतं," ती म्हणते. जुनी गिऱ्हाइकं फोनवर थोरल्यांना विचारत, "फोटो बाईंनीच काढलाय ना?" थोरले हो म्हणाले की पुढचं बोलणं होई. आत्याकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

दातांचे एक डॉक्टर अशाच गिऱ्हाइकांपैकी. ते मात्र गावातलेच. सौम्य बोलणारे, नखं कापलेले, कुणाशीही बोलताना नजर नकळत समोरच्याच्या दातांकडे जाणारे. त्या दुपारी ते आले आणि न बसता खिशातून डबी काढून काउंटरवर ठेवली. एका बाजूला मुकुट घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. काही वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडूनच घेतलेलं. चिठ्ठीवर लाल.

"मानेच्या मागे बघा," ते म्हणाले.

थोरल्यांनी भिंग लावलं. मग माझ्याकडे दिलं. मानेमागच्या मोकळ्या लाल जागेत बारीक तपकिरी रेघा होत्या. वळणदार, एकीच्या आत दुसरी. अर्धा अंगठा.

"आतला आहे," थोरले म्हणाले. "डबी बंद व्हायच्या आधी कुणाचं तरी बोट लागलंय. हाताचं तेल. तांबं ते लगेच दाखवत नाही, डॉक्टर. वर्षं जातात."

"ते मी वाचलंय. पण मी घेतलं तेव्हा हे फोटोत नव्हतं. मी फोटो बघूनच ठरवलं होतं."

"तेव्हा उमटलं नसेल."

"किंवा फोटोतून काढलं असेल." आवाज न चढवता ते म्हणाले. "राग मानू नका. माझ्या जाहिरातीतले दात मीच पांढरे करून घेतलेत. एका बटणाचं काम आहे."

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत्या बाहेर आली. कापड अजून हातातच होतं.

"मी पुसते, डॉक्टर," ती म्हणाली. "डबीवरची धूळ पुसते. चित्रावरचं काही पुसत नाही."

"मला तेच ऐकायचं होतं बाई. नाणं ठेवून जातो. तुम्ही बघा, आणि तुमचं म्हणणं सांगा. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन."

ते गेले. जिन्यातून किल्लीवाल्याच्या यंत्राचा आवाज वर येत राहिला. थोरले म्हणाले, "झालं. फोटोला कुणी हात लावलेला नाही, एवढं सांगायचं आणि विषय मिटवायचा." आत्याने ऐकलं नाही. ती डबी खिडकीपाशी नेऊन उजेडात कलती करून बघत होती. मग दिव्याखाली. मग परत खिडकीपाशी.

ते दिवस घरात कठीण गेले. आधीच दोनदा उठणारी बाई आता जेवायला बसेचना. उभ्याउभ्याच ताटलीतून खायची आणि आमच्या अंगठ्यांकडे बघत राहायची. डॉक्टर गेल्यावर थोरल्यांनी सांगितलं होतं, की ते नाणं दर्जा ठरवायला पाठवण्याआधी दुकानात उघडं होतं आणि आत्याने त्याचे तसेही फोटो काढले होते. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा. नाणं कायम कडेने धरावं हे ती दुसऱ्यांना शिकवत आली. पण हात घाईचे. कधी चुकला असेल तर?

"भिंगरी, माझ्या अंगठ्याकडे काय बघतेस?" बाबा म्हणाले. "माझ्या अंगठ्यावर इतक्या सुया टोचल्यात, ठसा घेतलास तर नकाशा मिळेल."

"तुझा नाही बघत. माझा कसा असेल ते बघतेय."

"मग तुझा बघ ना, तो काय माझ्या हाताला लावलाय?"

दुसऱ्या दिवशी तिने खरंच तो बघितला. कॅमेऱ्याखाली डबीच्या जागी स्वतःचा अंगठा ठेवला आणि बटण मला दाबायला लावलं. श्वास धरून बसली होती. पडद्यावर तिचा अंगठा मोठा झाला. शेजारी नाण्यावरचा ठसा. छाप उलटी पडते, म्हणून एक चित्र आरशासारखं फिरवलं. मग रेघा कुठून निघतात, कुठे वळतात ते बोटाने धरत धरत गेलो. तिचं वळण डावीकडे, नाण्यावरचं उजवीकडे. दुसरा अंगठा ठेवला. त्याच्या मधोमध लहानपणीचा कापल्याचा व्रण, आडवा. नाण्यावर व्रण नव्हता. राहिलेली बोटंही बघून झाली. आत्याचं कुठलंच बोट नव्हतं ते.

"माझा नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की बाहेरून थोरल्यांनी विचारलं, "काय नाही?"

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली. चक्क टेकून. बाबांनी अभिनंदन केलं आणि आता पोलिसांत ठसे जुळवायच्या नोकरीला अर्ज करायला हरकत नाही असंही सांगितलं. ती हसली. मिठासाठी न उठता जेवली. मग हात धुवायला उठली ती परत आलीच नाही. बाल्कनीत दोरीवरचे वाळलेले कपडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत होती.

मी जवळ गेले. "आता काय?"

"माझा नाही, मग मला असं का होतंय?" ती म्हणाली. "अंगठा कुणाचा, हे डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं गं. फोटोत होता का, हे विचारलं होतं. मी भलतंच उत्तर शोधत बसले."

दुकानाच्या संगणकावर तिने काढलेला एकही फोटो पुसलेला नाही. थोरले जागा भरल्याची तक्रार करतात, ती नवी जागा आणवते. निवडलेले एका ठिकाणी आणि न निवडलेले दुसरीकडे. त्याला तिने नाव दिलंय: नापास. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तिने नापासमधले त्या नाण्याचे फोटो उघडले आणि निवडलेला एक त्यांच्यात आणून ठेवला. ज्या क्रमाने टिपले होते त्याच क्रमाने एकापुढे एक बघत गेली. मी मागे उभी होते.

बहुतेक बिनकामाचे. एकात चिठ्ठी चमकलेली, एकात जहाज अंधारात. मग एक आला, त्यात मानेमागे काहीतरी होतं. रेघा नव्हत्या. आरशावर कुणी तोंडाची वाफ सोडावी आणि ती विरत असताना दिसावी, तेवढंच. पुढचा फोटो स्वच्छ. तोच निवडलेला. तोच बघून डॉक्टरांनी नाणं घेतलं होतं.

आत्या ते दोन फोटो शेजारी ठेवून बघत राहिली. पाय हलायचा थांबला होता.

"वाफ आहे," मी म्हटलं. "डबीवरची. तू पुसलीस आणि गेली."

"पुसलं ते खरं." तिने डबीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पहिल्या फोटोत तिथे धुळीचा एक बारीक तंतू होता, दुसऱ्यात नव्हता. "हे बघ, इथे कापड फिरलंय." मग बोट नाण्याच्या कडेवर नेलं. पहिल्या फोटोत चकाकी मुकुटाच्या डावीकडे होती, दुसऱ्यात वर. "आणि हे बघ."

मला समजायला वेळ लागला. चकाकी सरकली म्हणजे दिवा सरकला.

"पुसलं," ती हळू म्हणाली, "आणि दिवाही हलवला. दोन्ही एकदम. धूसर गेलं ते कापडाने गेलं असं धरलं आणि पुढे गेले. ते दिव्याने गेलं होतं. ते डबीवर नव्हतंच."

मग तिने ती जुनी वाफ आणि आजचा ठसा पडद्यावर एकावर एक ठेवले. वाफेची कड आणि अंगठ्याची कड, दोन्ही एकाच जागी वळत होत्या.

मला काहीतरी बोलायचं होतं. त्या दिवशी काही झालं होतं का, कुणी आजारी होतं का, घरून फोन आला होता का? आत्यानेही तेच शोधलं. फोटोवरची तारीख बघितली, आधीची नाणी बघितली, नंतरची बघितली. साधी दुपार होती. आधी एक नाणं, नंतर एक नाणं, दोन्हींचे फोटो चांगले. काही कारण सापडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. सापडलं नाही. हात घाईत होते, एवढंच. ते नेहमीच असतात.

थोरल्यांनी दोन्ही फोटो बघितले, चष्मा काढला, परत लावला.

"बाई, यात खोटं काय आहे? निवडलेल्या फोटोला हात लावलेला नाही. परीक्षकांनी स्वतः बघून लाल म्हटलंय, त्यांना दिसलं नाही. दुकान काय, तुम्ही काय, कुणी फसवलेलं नाही. डॉक्टरांना खरं तेवढंच सांगायचंय ना? मग फोटो साफ केलेला नाही, हे खरंच आहे."

"खरं आहे."

"मग?"

"तेवढंच नाहीये."

"ते नापासचं कुणी मागितलेलं नाही!"

"म्हणून तर," आत्या म्हणाली. काउंटरवरची पेनं ती एका रेषेत लावत होती, मोडत होती, पुन्हा लावत होती. "त्यांनी मागितलं असतं तर सोपं होतं. तुम्ही सांगाल ते धरून चालेन, म्हणाले ते."

थोरले चिडले. "एकदा असं सांगितलंत की पुढे प्रत्येक जण विचारेल, नापास दाखवा. फोटो बाईंचा आहे म्हणून जे खपतं ते खपणार नाही. विचार करा. तुमचंच नाव आहे, माझं काय, मी म्हातारा झालो."

त्यांचं चूक होतं असं मला वाटत नाही. आत्यालाही वाटलं नसावं. तिने डबी कापडात गुंडाळली, दोन्ही फोटोंच्या मोठ्या छापील प्रती घेतल्या आणि मला म्हणाली, "तू चल. एकटी गेले तर मी वाटेतून दुसरीकडेच जाईन."

वाटेत ती तीनदा रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि परत आली. उन्हामुळे, म्हणाली. दोन्हीकडे सावली होती.

दवाखान्यात बाहेरची बाकं भरलेली. डॉक्टरांनी आम्हाला सरळ आत घेतलं आणि बसायला दुसरं काही नसल्यामुळे आत्याला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची टेकून बसण्यासाठीच बनवलेली. आत्या तिच्याही काठावर बसली. डोक्यावर मोठा गोल दिवा होता, तो तिने येताक्षणी बघून घेतला.

"फोटो साफ केलेला नाही," ती म्हणाली. "पण हा त्याच्या आधीचा आहे." आणि दोन्ही प्रती त्यांच्या हातात दिल्या.

डॉक्टरांनी फोटो दिव्याखाली धरले. बाहेर कुणीतरी लहान मूल रडत होतं, त्याची आई त्याला काहीच होणार नाही असं सांगत होती.

"म्हणजे तुम्हाला हे दिसलं होतं," ते म्हणाले.

"दिसलं होतं. कळलं नव्हतं." मग घाईघाईने, "मी पुसलं आणि त्याच वेळी दिवाही हलवला. दोन्ही एकदम करायचं नसतं. मी मुलीला शिकवते, करायचं नसतं म्हणून." मुलगी म्हणजे मी.

डॉक्टरांनी ट्रेमधला दात बघायचा छोटा आरसा उचलला, उगाच बोटांत फिरवला, खाली ठेवला. "माझ्याकडूनही कीड सुटते कधी कधी," ते म्हणाले. "आरसा कलता असला की." पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. "तरी मला नाणं नकोय, बाई. लाल म्हणून घेतलं होतं, आता बघितलं की अंगठाच दिसतो. दुकानाने परत घ्यावं."

"हो," आत्या म्हणाली. "मी सांगते."

"आणि पुढच्या वेळी फोटो मागवेन तेव्हा दोन्ही मागवेन. पास आणि नापास."

मला वाटलं, तिचा चेहरा पडेल. ती उठली, खुर्चीचं कव्हर हाताने सारखं केलं आणि म्हणाली, "मागवा."

थोरल्यांनी नाणं परत घेतलं. दोन दिवस आत्याशी गरजेपुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी डबी मागच्या खोलीत आणून टेबलावर ठेवली. "परत विकायला लावायचंय. फोटो काढा. असा काढा, की मला परत कुणी काही विचारायला नको." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही वर्णन लिहा."

मी लिहिलं: मुकुट आणि केसांचे बारकावे शाबूत. मानेमागे अंगठ्याचा अर्धा ठसा, डबीच्या आत, स्पष्ट. थोरल्यांनी वाचलं. पेन "स्पष्ट"वर थांबलं. खोडलं नाही.

आत्याने काळा कागद नीट लावला. इतकी वर्षं चकाकी, चरे, डाग, धूसरपणा, काहीही दिसू नये म्हणून तिने दिव्यांच्या माना वाकवल्या होत्या. आता ठसा सगळ्यात जास्त कुठून दिसतो ते शोधायचं होतं. तिने डबी पुसली. मग कापड बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. पडद्याकडे बघितलं. काही बदललं नाही, ते पाहून घेतलं. मग एक हात बाहेर काढला, डावा दिवा तसूभर खाली आणला, हात परत मांडीखाली. बघितलं. रेघा थोड्या उठल्या.

टेबलाखाली तिचा पाय जोरजोरात हलत होता. टेबलाला लागत नव्हता.

"दाबू?" मी विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "अजून थोडं."